सोळा ते अठरा : प्राथमिक मूल्यमापनाची कसोटी

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ रोजी अमलात आला. त्याच्या कलम १५ नुसार, किमान सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा असलेला, म्हणजेच कायद्याच्या भाषेत ‘निर्घृण’ ठरणारा गुन्हा केल्याचा आरोप सोळा वर्षे पूर्ण झालेल्या विधिसंघर्षग्रस्त बालकावर असेल, तर बाल न्याय मंडळाला त्या बालकाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करावे लागते, आणि त्यावरूनच खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवायचा की नाही, हे ठरते. हे मूल्यमापन म्हणजे दोषनिश्चिती नव्हे, हे कायद्याने स्पष्ट केले असले तरी बातम्यांमधून ते अनेकदा विसरले जाते.

मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, ज्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. बालमानसशास्त्राची पदवी तिघांपैकी कोणाकडेही असेलच असे नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशा मंडळाला मानसशास्त्रज्ञांचे साहाय्य घेणे बंधनकारक ठरवले. अर्थात, घटनेच्या क्षणी असलेली समज काही आठवड्यांनंतर कितपत मोजता येते, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. खटला प्रौढाप्रमाणे चालला तरी मृत्युदंड किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही. बालकाची ओळख उघड करणाऱ्यास मात्र सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.