भाकरीतील लोह रक्तापर्यंत कसे पोहोचते?

गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांनी समृद्ध केलेल्या परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीत ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे. ज्वारीची भाकरी, डाळीचे वरण व पालेभाजी हा येथील कष्टकरी कुटुंबाचा आहार होय. या आहारात लोह आहे, जस्त आहे, प्रथिनेही आहेत. असे असूनही रक्तक्षयाचा प्रश्न सुटलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि ६ महिने ते ५ वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. पोट भरते, परंतु रक्त वाढत नाही, असे का व्हावे?

दाण्यातील कुलूप

धान्यात किती लोह आहे आणि त्यातील किती शरीरास मिळते, या दोन भिन्न गोष्टी आहेत. धान्य व कडधान्य यांत फायटिक आम्ल नावाचे द्रव्य असते. अंकुराला लागणारा स्फुरद दाणा या रूपात साठवून ठेवतो. हेच द्रव्य आतड्यात लोह व जस्त यांना बांधून ठेवते, त्यामुळे त्यांचा मोठा भाग शोषला न जाता बाहेर टाकला जातो. चहातील टॅनिनचेही कार्य असेच आहे. जेवणाबरोबर घेतलेला चहा भाकरीतील लोहाचे शोषण कमी करतो.

विद्यापीठाचे योगदान

परभणी येथे १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने, म्हणजेच आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, ज्वारीच्या संशोधनात मोलाची भर घातली आहे. हैदराबादनजीकच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने विकसित झालेला ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. सर्वसाधारण ज्वारीत दर किलोस सुमारे ३० मिलिग्रॅम लोह व २० मिलिग्रॅम जस्त असते. या वाणात हे प्रमाण अनुक्रमे ४५ व ३२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. दिवसाला ३०० ग्रॅम पीठ खाणाऱ्या स्त्रीस ९ ऐवजी १३.५ मिलिग्रॅम लोह मिळू शकते. प्रौढ स्त्रीची दैनिक गरज मात्र २९ मिलिग्रॅम मानली जाते. म्हणजेच उत्तम बियाण्यालाही योग्य आहाराची जोड हवीच.

स्वयंपाकघरातील किल्ली

ही जोड महागडी नाही. लिंबू, आवळा, पेरू, कैरी व हिरवी मिरची यांतील क जीवनसत्त्व लोहाला आतड्यात सहज शोषले जाईल असे रूप देते. उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून लिंबू भाजी चुलीवरून उतरविल्यानंतर पिळावे. मटकी किंवा मूग भिजवून मोड आणल्यास फायटिक आम्ल कमी होते आणि क जीवनसत्त्व वाढते. ज्वारीचे पीठ आंबवून केलेल्या आंबिलीतही हे आम्ल घटते. चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराच्या अंतराने घ्यावा. जुन्या घरांतील आंबील, मोडाची उसळ व ताटातील लिंबाची फोड या प्रथांना आता शास्त्राचा आधार लाभला आहे.

तथापि, आहार हा औषधाचा पर्याय नव्हे. गरोदर स्त्रियांनी व किशोरवयीन मुलींनी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्याच पाहिजेत. जंताचा प्रादुर्भाव असल्यास त्यावर उपचारही आवश्यक आहेत.

पंचायत व शाळा

शालेय पोषण आहारात मोडाची उसळ देताना वर लिंबू पिळण्याची व्यवस्था शिक्षकांस करता येईल. शाळेच्या व अंगणवाडीच्या आवारात लिंबू, पेरू व शेवगा लावण्याचे काम ग्रामपंचायतीस अवघड नाही. सुधारित वाणाच्या बियाण्यासाठी सदस्यांनी सहायक कृषी अधिकाऱ्यामार्फत विद्यापीठाशी संपर्क साधावा. महिला ग्रामसभेत रक्ततपासणी व आहार हे विषय एकत्र मांडले जावेत. शेतातील दाण्यापासून ताटातील लिंबापर्यंतचे हे दुवे गावोगावी जुळले, तर परभणीची भाकरी पोट भरण्याबरोबरच रक्तही वाढवील.