जुन्या गाडीचा हीटर हलवताना

मोटारीत हीटर कशासाठी असतो असे विचारले, तर तुमच्यापैकी बहुतेकजण म्हणतील, "थंडी वाजू नये म्हणून." उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. इंग्लंडसारख्या देशात हिवाळ्याच्या सकाळी तापमान शून्याच्या आसपास असते, हवा दमट असते आणि गाडीची पुढची काच आतून धुरकटते. काच धुरकटली की रस्ता दिसत नाही. रस्ता दिसला नाही तर उत्तम ब्रेक असूनही काय उपयोग? म्हणून तिकडे हीटर ही केवळ चैनीची वस्तू राहत नाही. ते सुरक्षिततेचे साधन ठरते.

या लेखात आपण एका जुन्या स्पोर्ट्‌स गाडीचा हीटर जागेवरून काढणार आहोत आणि दुसरीकडे बसवणार आहोत, अर्थात कागदावर! गाडी आहे ब्रिटिश बनावटीची एम.जी.बी. अ‍ॅबिंग्डन या गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. एंजिन १७९८ घन सेंटीमीटरचे, सिलिंडर चार. सुरुवातीच्या काळात इंग्लंडमधील गिऱ्हाइकाला हीटर हवा असेल तर वेगळे पैसे मोजावे लागत! आज या गाड्या हौशी लोकांनी जिवापाड जपल्या आहेत. पण चाळीस-पन्नास वर्षांत हीटर गळू लागतो. कोणी गाडीत मोठे एंजिन बसवतो आणि मग हीटरच्या पेटीला जागा उरत नाही. अशा वेळी प्रश्न येतो, हीटर नवा घालायचा तर कसा, आणि हलवायचा तर कोठे? हा प्रश्न पान्या-स्क्रू-ड्रायव्हरचा वाटतो. पण त्याचे उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे.

वाया जाणारी उष्णता

प्रथम ही उष्णता येते कोठून ते पाहू. समजा, गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात आहे आणि एक लिटर पेट्रोलमध्ये १० किलोमीटर अंतर कापते. म्हणजे तासाला ८ लिटर पेट्रोल जळते. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे ३२० लाख जूल ऊर्जा मिळते. आठ लिटरांची ऊर्जा ३६०० सेकंदांत वाटून पाहा. उत्तर येते सुमारे ७० किलोवॅट. यातली ढोबळमानाने पाव किंवा त्याहूनही कमी ऊर्जा चाके फिरवण्याच्या कामी येते. बाकीची उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. बराच भाग धुराबरोबर जातो आणि १५ ते २० किलोवॅट एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात जाते. हे पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्याने थंड होते. घरातला पाणी तापवण्याचा गीझर बहुधा दोन-तीन किलोवॅटचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे किती उष्णता आपण रस्त्यावर उधळतो याची कल्पना येईल.

मोटारीचा हीटर म्हणजे या उधळपट्टीतून थोडी उष्णता उचलणारा एक छोटा, दुसरा रेडिएटर. त्यात विजेची तार तापत नाही. पातळ धातूच्या नळ्या आणि त्यांना जोडलेल्या पत्र्याच्या पातळ पट्ट्या यांचे एक जाळे असते. नळ्यांतून गरम पाणी वाहते आणि पट्ट्यांमधून पंखा हवा ढकलतो.

आता एक हिशेब करा. पंखा सेकंदाला ०.०५ घनमीटर हवा ढकलतो असे धरा. तिचे वस्तुमान सुमारे ०.०६ किलोग्रॅम. हवेची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला, दर अंशाला सुमारे १००० जूल. ही हवा ५ अंशांवरून ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची, तर ०.०६ × १००० × ४५ म्हणजे सुमारे २७०० वॅट लागतील. हीच उष्णता पाण्याने द्यायची आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता हवेच्या चौपटीहून अधिक, सुमारे ४२००. जाळ्यातून सेकंदाला केवळ ०.१ किलोग्रॅम पाणी वाहिले, तरी ते साधारण साडेसहा अंशच थंड होईल. ८२ अंशांचे पाणी आत शिरले, तर ७५-७६ अंशांचे बाहेर पडेल. म्हणूनच अंगठ्याएवढ्या जाडीच्या रबरी नळ्या पुरतात. नळी थोडी लांबली म्हणूनही फारसे बिघडत नाही. हीटर हलवणाऱ्याला हा पहिला दिलासा!

पाण्याची वाट आणि हवेचा बुडबुडा

एम.जी.बी.मध्ये हीटरची पेटी बॉनेटखाली, एंजिनाच्या मागच्या बाजूला, एंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या आडोशावर बसवलेली असते. एंजिनाच्या माथ्याच्या मागच्या टोकाशी एक झडप आहे. तेथून गरम पाणी हीटरमध्ये जाते आणि परतीच्या नळीने वॉटर पंपाच्या शोषणाऱ्या बाजूकडे येते. एका टोकाला दाब जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. म्हणून पाणी वाहते. हीटर कोठेही न्या, ही दोन टोके बदलता कामा नयेत. दोन्ही नळ्या सारख्याच दाबाच्या जागी जोडल्या, तर हीटर भरलेला राहील, पण थंडगार! मौज अशी, की ही वाट थर्मोस्टॅटच्या अलीकडून निघते. त्यामुळे थर्मोस्टॅट बंद असतानाही हीटरला गरम पाणी मिळू लागते. उलट थर्मोस्टॅट उघडाच अडकला, तर सगळे पाणी कोमटच राहते. तेव्हा हीटर बदलण्याआधी थर्मोस्टॅट तपासणे शहाणपणाचे.

आता एक अडचण. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीची पातळी काढतो, हे तुम्ही पाहिले असेल. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो आधी झटकून घालवतो, कारण बुडबुड्यामुळे दोन्ही टोकांची पातळी चुकते. हीटरचेही तसेच आहे. नळ्या पाण्याने पूर्ण भरलेल्या असतील, तर चढत्या नळीतल्या पाण्याचे वजन उतरत्या नळीतल्या पाण्याच्या वजनाने तोलले जाते. पंपाला फक्त घर्षणावर मात करावी लागते. पण वरच्या वळणात हवा अडकून उतरत्या नळीतला ३० सेंटीमीटर भाग रिकामा राहिला, तर तोल बिघडतो. ३० सेंटीमीटर पाण्याचा दाब सुमारे ३००० पास्कल. एंजिन मंद चालत असताना पंपाला हा जादा भार झेपेलच असे नाही. मग चालक तक्रार करतो, "नवा हीटर घातला, तरी गार हवाच येते."

म्हणून नियम असा : हीटरचे जाळे रेडिएटरच्या झाकणापेक्षा खाली ठेवावे. ते शक्य नसेल तर नळीच्या सर्वांत उंच ठिकाणी हवा सोडण्याचा स्क्रू बसवावा. पाणी भरताना झडप पूर्ण उघडी ठेवावी आणि सावकाश भरावे. काही मेकॅनिक गाडीचे नाक चढावर करून उभी करतात. का? झाकण सर्वांत उंच आले की हवा आपोआप तेथून निसटते.

हवा कोठून घ्यायची?

हीटर डॅशबोर्डखाली हलवणारे बहुतेकजण पाण्याचा विचार करतात आणि हवेचा विसरतात. मूळ गाडीत बाहेरची हवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून आत येते. ती जागा विचारपूर्वक निवडलेली आहे. वारा काचेवर अडतो, मंदावतो आणि तेथे दाब वाढतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला अडलेल्या वाऱ्याचा दाब जास्तीत जास्त ३०० पास्कलच्या आसपास, म्हणजे तीन सेंटीमीटर पाण्याएवढा असतो. दिसायला अल्प, पण पंख्याला चांगला हातभार लावणारा.

हीटर आत नेला आणि तो गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवू लागला, तर काय होईल? हवा लवकर तापेल, हे खरे. पण गाडीत दोन माणसे बसली आहेत. श्वास आणि त्वचा यांवाटे दोघांची मिळून तासाला ८० ते १०० ग्रॅम वाफ हवेत मिसळते. ५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ६.८ ग्रॅम वाफ मावते, २५ अंशांना २३ ग्रॅम. आतली गरम हवा वाफ सामावून घेते आणि गार काचेला टेकली की तेथे पाणी सोडते. बर्फाच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच काचेला आतून फुटतो. छपराच्या फटींतून थोडी हवा जाते-येते. पण काच स्वच्छ ठेवण्यासाठी तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आता बाहेरची हवा घ्या. धुक्याची, ५ अंशांची, वाफेने पूर्ण भरलेली. ती ४५ अंशांपर्यंत तापवली की तिची वाफ धरण्याची कुवत घनमीटरला ६५ ग्रॅमपर्यंत जाते आणि सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांच्याही आत येते. ही कोरडी, तहानलेली हवा काचेवरचे पाणी झटपट टिपते. बाहेरच्या दमट हवेनेच आतली काच सुकते, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण दवबिंदूचा धडा नीट वाचला असेल तर वाटणार नाही. तेव्हा हीटर कोठेही बसवला, तरी जाळीपासून त्याच्यापर्यंत हवेची नळी न्यायलाच हवी आणि त्याचा एक फाटा काचेकडे, दुसरा पायांकडे गेला पाहिजे. पायांकडे अशासाठी, की गरम हवा हलकी असते. ती खाली सोडली तर आपोआप वर येते.

न दिसणारा शत्रू

पेटी काढली की मागे पत्र्यात मोठे भोक उरते. पलीकडे एंजिन आहे. ते भोक तसेच राहिले किंवा हीटरने एंजिनाच्या कप्प्यातली हवा घेतली, तर गळक्या धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. आधी डोके दुखते, मग गुंगी येते, आणि गाडी चालवणाऱ्याला गुंगी येणे म्हणजे काय, ते सांगायला नको. हवेने थंड होणाऱ्या जुन्या पोर्शे ९११ गाड्यांत गरम पाणीच नसते. तेथे धुराच्या नळ्यांभोवती खेळवलेली हवा आत सोडतात. म्हणून त्या गाड्यांत नळ्या गंजल्या आहेत का, याची तपासणी अतिशय महत्त्वाची असते. एम.जी.बी.च्या मालकाने प्रत्येक भोक पत्रा आणि रबर लावून घट्ट बंद केले पाहिजे.

आणखी दोन धोके सांगतो. रेडिएटरचे झाकण आतला दाब वातावरणापेक्षा सुमारे ०.७ पटीने वाढू देते. त्यामुळे पाणी ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले, की दाब एकदम उतरतो आणि पाणी उसळून अंगावर येते. एंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला किंवा हीटरच्या नळीला हात लावू नये. दुसरे, थंड देशांत पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळतात. एक-तृतीयांश मिसळले की मिश्रण सुमारे उणे १८ अंशांपर्यंत गोठत नाही. पण ते विषारी असते आणि चवीला गोड लागते. काढलेले पाणी उघड्या बादलीत ठेवले तर कुत्रे-मांजर किंवा लहान मूल ते पिऊ शकते. ते झाकून ठेवावे, गटारात ओतू नये.

एवढे करूनही जाणते मालक मूळ पेटी फेकत नाहीत आणि शक्यतो पत्रा कापत नाहीत. जुन्या गाडीत केलेला बदल उद्या परत फिरवता यावा, असा त्यांचा शिरस्ता असतो. आपल्यानंतर येणाऱ्या मालकालाही गाडी मूळ रूपात पाहावीशी वाटेल, हा त्यामागचा विचार.

करून पाहा

दीड-दोन मीटर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या. टेबलावर एक पाण्याची बादली ठेवा, जमिनीवर दुसरी. नळी पाण्याने पूर्ण भरून, दोन्ही टोके बोटांनी दाबून, एक टोक वरच्या बादलीत बुडवा आणि दुसरे खालच्या बादलीत सोडा. पाणी कडेवरून चढून खाली वाहू लागेल. आता नळीत मुद्दाम थोडी हवा ठेवून हाच प्रयोग करा. हवा वाढवत गेल्यास कोणत्या क्षणी प्रवाह थांबतो, ते मोजपट्टीने मोजून लिहून ठेवा.

आणि एक प्रश्न विचार करण्यासाठी. उन्हाळ्यात घाट चढताना एंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर जाणते चालक भर उकाड्यात हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण चालू करतात. प्रवासी घामाघूम होतात, पण काटा खाली येऊ लागतो. असे का होते?