सिडनीतील लाकेम्बा : मस्जिदीभोवती वसलेला मोहल्ला

मुलाला किंवा मुलीला सिडनीत प्रवेश मिळाला की घरात लगेच प्रश्न सुरू होतात. राहायचं कुठे? हलाल मिळेल का? जुम्याची नमाज कुठे? अशा वेळी एक नाव हमखास कानावर येतं, ते म्हणजे लाकेम्बा.

सिडनीच्या मुख्य शहरापासून नैऋत्येला साधारण 15 किलोमीटरवर हे उपनगर आहे. बेलमोर, वायली पार्क आणि पंचबोल हे त्याच्या आजूबाजूचे भाग. 1909 मध्ये इथे रेल्वे आली आणि वस्ती वाढत गेली.

मोहल्ला कसा बनला?

1975 मध्ये लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि अनेक कुटुंबं सिडनीला आली. लाकेम्बात स्टेशनजवळ भाड्याचे फ्लॅट मिळत. त्याच दशकात वांगी रोडवर मोठी मस्जिद उभी राहिली. तिच्या मागोमाग हलाल मटणाची दुकानं, बेकऱ्या, किराणा आला. नंतर बांगलादेशी, पाकिस्तानी, इंडोनेशियन कुटुंबंही इथे स्थिरावली. 2021 च्या जनगणनेनुसार ऑस्ट्रेलियात मुस्लिम 3.2 टक्के आहेत. लाकेम्बात मात्र निम्म्याहून जास्त.

रमजानची रौनक

रमजानमध्ये हॅल्डन स्ट्रीट रात्री उशिरापर्यंत जागा असतो. आपल्या मुंबईच्या मोहम्मद अली रोडची आठवण यावी अशी गर्दी! कुनाफा, सहलब, उंटाच्या मांसाचे बर्गर असं बरंच काही मिळतं. बिगरमुस्लिम सिडनीकरही आवर्जून येतात.

घर घेण्याआधी

मस्जिद जवळ आहे एवढ्यावर निर्णय घेऊ नका. आधी कॉलेजचं अंतर बघा. मेट्रोच्या कामासाठी 30 सप्टेंबर 2024 पासून इथली रेल्वे बंद करून बदली बस सुरू करण्यात आल्या होत्या. त्यामुळे सध्या गाडी कशी चालते ते आधी तपासा. त्या राज्याच्या कायद्यानुसार घरमालक चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागू शकत नाही आणि ते सरकारी यंत्रणेकडे जमा करावं लागतं. तेव्हा रोख पैसे देऊन पावतीशिवाय खोली घेऊ नका, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी.

लाकेम्बात आपलेपणा नक्की मिळेल. पण मुलांनी तेवढ्यातच अडकून न पडता बाकीचं शहरही ओळखावं, हे त्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा.