कांदा, ऊस आणि कारखाना : शासनाने कोठे यावे, कोठे थांबावे?



'शासनाने आमच्या वाटेतून बाजूला व्हावे' आणि 'शासनाने आमच्या पाठीशी उभे राहावे' या दोन मागण्या परस्परविरोधी वाटतात. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात मात्र त्या एकाच घरातून ऐकू येऊ शकतात. वडील लोणंदच्या बाजारात कांदा विकतात. मुलगा शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत कामाला जातो. वडिलांना शासनाचा हस्तक्षेप नको असतो, मुलाला तो हवा असतो. या दोघांपैकी एकजण चुकतो आहे काय? ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीनुसार तसे मानण्याचे कारण नाही. ते का, हे समजून घेतले पाहिजे; कारण मुक्त बाजारपेठ आणि व्यक्तिस्वातंत्र्य या विषयांवर बोलताना आपण बहुधा एखाद्या पक्षाची भाषा बोलतो, आपल्या श्रद्धेची नव्हे.

प्रथम वडिलांची बाजू पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तरी शुल्क आणि टनामागे ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत ही दोन बंधने राहिली. शुल्क पूर्णपणे हटले ते १ एप्रिल २०२५ पासून. शहरातील गिऱ्हाइकाला कांदा परवडावा हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु त्या स्वस्ताईची किंमत शेतकऱ्याने मोजली, आणि ती मोजण्यास तो तयार आहे काय, असे त्याला कोणी विचारले नाही. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी (१९३५-२०१५) यांनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून हाच मुद्दा लावून धरला होता. शेतकऱ्याचे दारिद्र्य दैवातून नव्हे तर सरकारी धोरणातून येते, असे ते सांगत. पुढे त्यांनी खुल्या अर्थव्यवस्थेचा उघड पुरस्कार केला आणि १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. त्यांच्या सर्वच मतांशी आपण सहमत होणार नाही. पण शेतकऱ्याची जमीन त्याच्या पत्नीच्या नावे करण्याची त्यांची 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम आठवली, की त्यांच्या व्यक्तिस्वातंत्र्यात स्वार्थाहून अधिक काही होते हे मान्य करावे लागते.

आता मुलाची बाजू. तो रोजंदारीचा करार 'स्वेच्छेने' करतो, असे कागदावर असते. परंतु प्रवेशद्वाराबाहेर त्याच्याहून कमी पैशांत काम करणारे दहाजण उभे असतील, तर त्याच्या स्वेच्छेला कितीसा अर्थ उरतो? पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ च्या 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात नेमका हाच प्रश्न हाताळला. खासगी मालमत्तेचा हक्क त्यांनी ठामपणे उचलून धरला, समाजवादाचा मार्ग नाकारला, आणि तरीही सांगितले की दोघांच्या संमतीने ठरलेले वेतन तेवढ्यानेच न्याय्य ठरत नाही. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचा उदरनिर्वाह त्यातून झाला पाहिजे. गरजेपोटी किंवा भीतीपोटी पत्करलेली अट ही त्यांच्या मते बळजबरीच होय. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेही याच परंपरेची आठवण ठेवून.

या दोन बाजूंना जोडणारे सूत्र पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात मांडले. त्याला आपण पूरकतेचे तत्त्व म्हणू. जे काम व्यक्ती किंवा कुटुंब स्वतः करू शकते, ते गावाने काढून घेऊ नये. जे गाव किंवा संस्था करू शकते, ते राज्याने बळकावू नये. मात्र धाकट्याची शक्ती जेथे अपुरी पडते, तेथे थोरल्याने साहाय्याला धावलेच पाहिजे.

हे तत्त्व उसाला लावून पाहा. कांद्यात शासन नको म्हणणारा शेतकरी उसाला शासनाने ठरवलेला दर (एफआरपी) मागतो, यावर अनेकजण हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. कांदा चाळीत साठवता येतो, गिऱ्हाइके अनेक असतात. तोडलेला ऊस थांबत नाही, आणि तो घेणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणूनच १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे देण्याचे आणि विलंब झाल्यास १५ टक्के व्याजाचे बंधन आहे. जेथे विकणाऱ्याला नकार देण्याची सोय नाही, तेथे कायद्याने त्याचा हात धरावा लागतो. शिरवळच्या ठेका कामगाराची स्थिती कांद्यापेक्षा उसाच्या अधिक जवळची आहे.

सातारा-सांगलीच्या सहकारी कारखान्यांचा जन्मही व्यक्ती आणि राज्य यांच्या मधल्या जागेत झाला. एकट्या शेतकऱ्याला न पेलणारे काम सभासदांनी मिळून उचलले. पुढे शासकीय भागभांडवल आणि राजकारण यांचे वजन वाढले, आणि अनेक ठिकाणी सभासद मतदानापुरताच उरला. पूरकता अशी आतूनही पोखरली जाते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या 'चेन्तेसिमुस आन्नुस'मध्ये मुक्त बाजारपेठेचे सामर्थ्य स्पष्ट शब्दांत मान्य केले. साधनसंपत्तीच्या उपयोगासाठी ती अत्यंत प्रभावी आहे, पण ती केवळ पैसे मोजू शकणाऱ्याचीच गरज ओळखते, हेही त्यांनी सांगितले. सर्व काही आपल्याकडे घेणाऱ्या कल्याणकारी राज्यावरही त्यांनी तेथेच टीका केली. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन म्हशींच्या मालकाकडे पाहून कोणी भांडवलदार असे महाविद्यालय उभारील, असे वाटत नाही. (ज्यांचे नाव त्याला दिले, त्यांच्या १९४३ ते १९४६ च्या प्रतिसरकारात गावकरी आपसातले तंटे स्वतःच मिटवीत होते, हाही एक योगायोगच.)

काही प्रश्नांवर श्रद्धावंतांमध्ये प्रामाणिक मतभेद राहतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीसाठी शासनाची पूर्वपरवानगी लागत नाही. जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती. यामुळे रोजगार वाढेल असे एखादा उद्योजक म्हणेल, नोकरी अधिक अस्थिर होईल असे कामगार म्हणेल. ३०० की १००, हे ख्रिस्तसभा सांगत नाही. तो अनुभवाचा आणि अर्थशास्त्राचा विषय आहे. परंतु ठेकेदाराने भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कापून ती भरलीच नाही, किंवा केलेल्या कामाचे वेतन अडवून ठेवले, तर त्याबाबत मतभेदाला जागा नाही. मजुराची अडवलेली मजुरी परमेश्वराकडे आक्रोश करते, हे संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आपण वाचतो, आणि ते वाचन मालक व मजूर एकाच मिस्सेत ऐकतात.