कासव वाचवताना स्वतःलाही वाचवा

वाचकहो, मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. सकाळी दवाखाना उघडताच अंबड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावाहून आलेले सत्तरी ओलांडलेले सेवानिवृत्त शिक्षक समोर येऊन बसले. उजव्या हाताला जुने धोतर गुंडाळलेले होते. ते सोडवले तेव्हा आत हळद आणि चुना यांचा जाड थर, आणि त्याखाली तीन खोल जखमा दिसल्या. जखमा तीन दिवसांच्या होत्या.

हकिकत अशी. विहिरीचा गाळ काढताना सापडलेले एक कासव गुरुजींनी सहा वर्षांपूर्वी अंगणातल्या हौदात सोडले होते. नातवंडांना त्याचा लळा लागला होता. त्या पहाटे गल्लीतल्या कुत्र्यांनी हौदाबाहेर आलेल्या कासवाला पालथे पाडले. आवाज ऐकून गुरुजी अनवाणी धावले, कुत्र्याच्या तोंडातून कासव ओढू लागले आणि कुत्र्याने त्यांचा हात धरला. "कुत्रा ओळखीचा आहे डॉक्टर, रोज भाकरी खातो आपल्याकडे. म्हणून काही वाटले नाही," असे ते म्हणाले.

या एका प्रसंगात मला तीन चुका दिसल्या. तिन्ही मायेपोटी घडलेल्या, तिन्ही टाळता येण्याजोग्या. त्यांचा एकेक करून विचार करू.

कासव अंगणात का नसावे?

आपल्या मनात कासवाविषयी आदर आहे. देवळाच्या सभामंडपात नंदीसमोर कोरलेल्या कासवाला नमस्कार करूनच आपण गाभाऱ्याकडे वळतो. अलीकडे त्यात घरात कासव ठेवले की लक्ष्मी टिकते, या समजुतीची भर पडली आहे. या समजुतीपायीच चांदणी कासवांची चोरटी विक्री चालते.

परंतु कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये आपल्या विहिरी-तळ्यांत आढळणारे मऊ कवचाचे कासव आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले चांदणी कासव, ही दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. चांदणी कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून कडक बंदी आहे. गुरुजींना यातले काहीच ठाऊक नव्हते. आपल्यापैकी अनेकांना नसते, म्हणून येथे सांगितले.

कायद्यापलीकडचे कारण कासवाच्या शरीरात आहे. कवच म्हणजे अंगावर घातलेले चिलखत नव्हे. ते त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा यांच्याशी जोडलेले जिवंत हाड आहे. त्याला वेदना होतात, त्यातून रक्त येते. आपल्याकडच्या तळ्यातल्या कासवाच्या कवचावर तर केवळ कातडीचे आवरण असते. कुत्र्याचे दात त्यात सहज रुततात. आपल्या दुष्काळी भागात तळी आटली की ही कासवे चिखलात स्वतःला गाडून घेतात आणि पाऊस पडताच पाण्याच्या शोधात चालू लागतात. म्हणून जूनमध्ये ती रस्त्यावर, बांधावर, कधी अंगणातही दिसतात. ती वाट चुकलेली नसतात, आपल्या मुक्कामाकडे निघालेली असतात.

असे कासव दिसले तर कुत्र्यांना दूर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जखमी असेल तर हवा खेळेल अशा खोक्यात ओलसर कापडावर ठेवून सावलीत ठेवा. जखमी कासवाला पाण्यात सोडू नका, दूध पाजू नका, कवचावर हळद-तेल लावू नका. वनविभाग व पशुवैद्यक पुढची काळजी घेतील. घरात कासव हवेच असेल, तर पितळेचे आणून परातीत ठेवा. त्याला कुत्रा चावत नाही आणि कायदाही आड येत नाही.

कासव वाचवण्याची खरी रीत पाहायची असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गाव पाहावे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तेथील गावकऱ्यांना सोबत घेऊन सागरी कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले. किनाऱ्यावर घातलेली अंडी कोल्हे, कुत्री आणि माणसे पळवीत. आता ती अलगद काढून जाळीच्या कुंपणात पुन्हा वाळूत पुरतात आणि पिल्ले बाहेर आली की समुद्राकडे सोडतात. कासव घरी आणले नाही, त्याच्या घराभोवती कुंपण घातले. एवढाच फरक, पण तोच महत्त्वाचा.

अंगणातल्या इतर प्राण्यांसाठी कुंपण

कोंबड्या, शेळीची करडे, ससे हे प्राणी मात्र आपण हक्काने पाळतो, आणि त्यांच्यासाठीही ज्येष्ठ मंडळी अशीच पहाटे धावतात. तेव्हा कुंपण आधीच नीट केलेले बरे.

कुत्रा जाळी चढण्यापेक्षा खालून उकरून आत शिरतो. म्हणून जाळी जमिनीखाली किमान एक फूट गाडावी, किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून तिच्यावर दगड रचावेत. कोंबड्यांसाठी मिळणारी पातळ षट्कोनी जाळी कुत्रा दातांनी फाडतो. वेल्डमेश जाळी टिकते. मुंगसाला अगदी लहान फट पुरते, म्हणून दाराखालची व कोपऱ्यातली फट बुजवावी. खुराड्याला वरूनही जाळी हवी, कारण घार आणि बोका वरून येतात. कडी साधी न ठेवता कोयंडा अडकवावा आणि दिवेलागणीपूर्वीच प्राणी आत घ्यावेत. उरलेले अन्न व मटणाची हाडे अंगणात टाकू नयेत. कुत्र्यांना आमंत्रण देणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

ज्येष्ठांसाठी आणखी दोन गोष्टी. खुराड्याचे दार कमरेच्या उंचीवर असावे, म्हणजे वाकावे लागत नाही. आणि घरापासून तेथवर जाणाऱ्या वाटेवर दिवा असावा, शेवाळ नसावे. कुत्र्याच्या चाव्याइतकाच अंधारात पडून मोडलेला खुबा घातक ठरतो. त्याने आलेले अंथरूण अनेकांचे सुटत नाही.

एवढे करूनही कुत्रे आत आलेच, तर दारातून बाहेर न पडता दिवा लावा, थाळी वाजवा, शेजाऱ्यांना हाक मारा, बादलीभर पाणी दुरून फेका. कुत्र्याच्या तोंडातली वस्तू हाताने कधीही ओढू नका, ती कोंबडी असो वा कासव. अंगावर कुत्रा आला तर पळू नका; स्थिर उभे राहा, डोळ्यांत रोखून पाहू नका आणि सावकाश मागे सरका.

चावा बसलाच तर

आता गुरुजींच्या तिसऱ्या आणि सर्वांत गंभीर चुकीकडे येतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र वेळेवर उपचार घेतल्यास तो टाळता येतो. लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित त्याहून कमी किंवा अधिक. तो मधला काळ हीच आपल्याला मिळालेली संधी असते.

पहिले काम: वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. हे घरच्या घरी होते, खर्च लागत नाही आणि जीव वाचवण्यात याचा वाटा फार मोठा आहे. हळद, चुना, मिरची, तंबाखू यांपैकी काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. जखम शिवणेही शक्यतो टाळले जाते.

दुसरे काम: त्याच दिवशी रुग्णालयात जा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच इतिहासजमा झाले. आता लस दंडात देतात. त्वचेच्या आत दिल्यास चार भेटी, म्हणजे पहिला दिवस धरून शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. स्नायूत दिल्यास चौदाव्या दिवसाची भर पडून पाच. रक्त आले असेल तर लसीबरोबरच जखमेत आणि तिच्या भोवती रेबीज प्रतिद्रव्य द्यावे लागते. लस अंगात काम करू लागेपर्यंतची राखण ते करते. पहिल्या दिवशी ते राहून गेले, तर लसीच्या पहिल्या मात्रेपासून सात दिवसांच्या आतच देता येते.

वय, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी कशामुळेही ही लस नाकारली जात नाही. परंतु रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड, संधिवाताची औषधे किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा. त्यावरून उपचार ठरतात. धनुर्वाताच्या लसीचीही आठवण करा.

कुत्रा ओळखीचा आहे, म्हणून थांबू नका. दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे हे खरे, पण ते लस सुरू करून. मुंगूस, कोल्हा, माकड यांचा चावाही तितकाच गंभीर धरावा. कासवाच्या चाव्याने मात्र रेबीज होत नाही. तो सस्तन प्राण्यांचाच रोग आहे. कासवाला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत हे मात्र विसरू नका, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलांना झालेल्या अशाच संसर्गांमुळे अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद करण्यात आली.

शेवटी

गुरुजींना मी त्याच तासाला सोबत चिठ्ठी देऊन सरकारी रुग्णालयात पाठवले. तीन दिवस वाया गेले होते, तरी उशिरा का होईना, जखम धुतली गेली, प्रतिद्रव्य मिळाले आणि लस सुरू झाली. पुढच्या एकाही तारखेला ते चुकले नाहीत. त्यांची सून कॅलेंडरवर खूण करून त्यांना घेऊन येत असे. आज ते ठणठणीत आहेत. कासवाच्या कवचाला तडा गेला होता. वनविभागाची माणसे येऊन त्याला उपचारासाठी घेऊन गेली.

"हौद रिकामा झाला डॉक्टर, नातू रुसला आहे," असे शेवटच्या भेटीत ते म्हणाले. मी त्यांना एवढेच म्हणालो, "गुरुजी, नातवाला सांगा, कासव आपल्या घरी गेले आणि आजोबाही आपल्या घरी आहेत."

वाचकहो, तुमच्या घरातील ज्येष्ठ मंडळी मुक्या जिवासाठी पहाटे धावणारच. त्यांना रागावू नका. फक्त आज संध्याकाळी कुंपणाची खालची फट एकदा तपासा, अंगणातला दिवा लागतो का ते पाहा, आणि न्हाणीघरात साबणाची वडी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या.