सागवानी कपाट विकावे काय?

आजोबांच्या काळचे सागवानी कपाट नव्या सदनिकेत मावत नाही, म्हणून ते मिळेल त्या किमतीस देऊन टाकण्याचा प्रसंग हल्ली पुष्कळ कुटुंबांवर येतो. आम्हांवरही तो आला. तेव्हा केलेली चौकशी वाचकांपुढे ठेवीत आहो.

मुंबईस चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर असलेच जुने सामान घासूनपुसून, रोगण देऊन पुन्हा विक्रीस मांडलेले आढळते. दुसऱ्या टोकास स्वीडनमध्ये १९४३ साली स्थापन झालेली आयकिया. तिचे आपल्या देशातील पहिले दुकान हैदराबादेस २०१८ साली व नवी मुंबईचे २०२० साली उघडले. तेथील बरेचसे सामान सुट्या भागांत मिळते व गिऱ्हाइकाने ते घरी जोडावयाचे असते. त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाचतो, किंमतही उतरते. मात्र लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी कडेने पाणी प्याली की फुगते, आणि तीतील स्क्रू एकदा निसटला की पुन्हा घट्ट बसणे कठीण. सागास अंगचे तेल असल्याने वाळवी सहसा शिवत नाही.

म्हणून नवे घेताना खण बाहेर ओढून पाहावा, पाठीची फळी चाचपावी, कडा नीट बंद आहेत की नाहीत हे तपासावे, आणि पावसाळ्यात कपाट ओल्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे.

आमचे कपाट आम्ही विकले नाही. सुताराकडून त्याचे दोन भाग करविले. एकात पुस्तके आहेत, दुसऱ्यात नातवंडांची खेळणी.