इंजिन चालू ठेवा, मग दांडी ओढा!

गाडीचं ऑइल बघायचं तर इंजिन बंद हवं, हे धसईतलं शाळकरी पोरगंही सांगेल. जीप असो नाहीतर ट्रॅक्टर, नियम तोच. पण जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बहुतेक वेळा चालू इंजिनवरच बघतात.

आपल्याकडे क्लासिक कार म्हटलं की पद्मिनी नाहीतर अॅम्बेसेडर. दोन्ही हाताच्या गिअरच्या, त्यामुळे गावच्या मेकॅनिकचा हात त्यांच्यावर बसलेला. ऑटोमॅटिकचं घराणंच वेगळं. ओल्ड्समोबाइलने १९४० च्या मॉडेलमध्ये ती आणली, १९५० मध्ये शेवरलेत आली. अशी एखादी गाडी किंवा जुनी मर्सिडीज मुंबईहून मुरबाडकडच्या फार्महाऊसवर येते, चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. मग कुणीतरी गिअरबॉक्समध्ये ‘९० नंबर’ ओततं. खेळ खल्लास! ऑटोमॅटिकला लागतं ते एटीएफ, म्हणजे पातळ, लाल रंगाचं तेल. ते नुसतं वंगण नाही. इंजिनची ताकद चाकांकडे पोहोचते तीच त्याच्यामार्फत. (एकेकाळी त्यात स्पर्म व्हेल माशाचं तेल घालायचे. सत्तरच्या दशकात ते बंद झालं.)

आता बघायचं कसं? आधी पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा. गार तेल आकसलेलं असतं, पातळी खोटीच कमी दिसते. मग सपाट जागा शोधा. आपल्या भागात हेच काम अवघड! हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. ब्रेक दाबून लिव्हर एकेका गिअरमधून सावकाश फिरवा आणि ‘पी’वर आणा. जुन्या क्रायस्लरसारख्या काही गाड्यांना मात्र न्यूट्रल लागतो आणि होंडा तर इंजिन बंद करूनच बघायची असते, म्हणून मॅन्युअल आधी वाचा. इंजिन चालू का, तर बंद केल्यावर वरचं तेल खाली उतरतं आणि पातळी उगाच जास्त दिसते. ओढणी, बाही, केस पंख्यापासून लांब.

दांडी पुसायला सुती चिंधी नको. तिचा एक धागा आतल्या बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी पुरे. पुसून पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. तेल लाल आणि पारदर्शक असेल तर निर्धास्त राहा. तपकिरी आणि जळका वास, म्हणजे आतल्या क्लच प्लेटा गेल्या. दुधाळ गुलाबी दिसलं तर आत पाणी शिरलंय. अशी गाडी चालवूच नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ओतताना. बऱ्याच अमेरिकन गाड्यांत ‘अॅड’ आणि ‘फुल’ या खुणांमध्ये जेमतेम अर्ध्या लिटरचा फरक असतो. आपण अख्खा डबा रिकामा करतो! जास्त झालेलं तेल आत घुसळून फेसाळतं, पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि गिअर पुन्हा घसरतात. मालकाला वाटतं, अजून कमीच आहे. म्हणून थोडं ओता, दांडी बघा, मग परत थोडं.

आणि हो, हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी उतरली म्हणजे बहुतेक वेळा गळतीच. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी लाल थेंब जिथे दिसतील, मेकॅनिकला तिथूनच सुरुवात करायला सांगा.